समोरचा एकच दात काळपट आहे, क्लिनिकवाले आठ व्हेनिअर्स सांगतायत. करू का?

बावधनकर_पोरगी

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, जरा लांबलाय तर सांभाळून घ्या.

वय २८, हिंजवडीत आयटीत. वरच्या दोन पटाशीच्या दातांपैकी माझा डावा दात करडा-काळपट आहे. आठवीत असताना झोक्याची फळी तोंडावर बसली होती, ओठ फाटला, दात हलायला लागला पण पडला नाही म्हणून घरी सगळे खूश, आणि मग पुढे कॉलेजला जाईपर्यंत हळूहळू त्याचा रंगच बदलत गेला. दुखत नाही, कधी दुखलाही नाही. शिवाय दोन दातांच्या मधे बारीक फट आहे, ती बाबांनाही आहे आत्यालाही आहे, आजी म्हणायची फट असलेली पोर नशीबवान, त्यामुळे तिचं मला फारसं काही नाही. खरं दुखणं काळ्या दाताचं. ऑफिसच्या ग्रुप फोटोत मी एकटीच ओठ मिटून हसलेली असते आणि लोकांना वाटतं ही शिष्ट आहे.

डिसेंबरात लग्न आहे. होणारा नवरा म्हणतो मला तर दिसतही नाही (दिसतो, मी त्याला बघताना पकडलंय). तर मागच्या शनिवारी एका क्लिनिकमध्ये गेले, नाव नको लिहायला. तिथे आधी एका मॅडमनी फोटो काढले आणि पाच मिनिटांत स्क्रीनवर माझंच तोंड नव्या दातांसकट दाखवलं. खोटं कशाला बोलू, बघून हरखलेच मी. मग डॉक्टर आले, आरसा लावून बघितलं आणि म्हणाले वरचे आठ दात, ई-मॅक्स व्हेनिअर्स, म्हणजे दात पुढून थोडा तासून वर चिकटवायची सिरॅमिकची पातळ कवचं. दाताला १४ हजार, म्हणजे १ लाख १२ हजार, आजच ॲडव्हान्स भरला तर ९६ हजारात करू, नो कॉस्ट ईएमआयपण आहे. मी म्हटलं बाकीचे सात तर चांगले आहेत की. तर म्हणाले एकच केला तर मॅच होणार नाही, वेगळा उठून दिसेल. एक्स-रे वगैरे काही काढला नाही. दात किती तासणार विचारलं तर "अगदी थोडं, तुम्हाला कळणारपण नाही".

पैसे आहेत, तो प्रश्न नाही. पण चांगल्या दातांना हात लावायला मन तयार होत नाहीये आणि दुसरीकडे तो स्क्रीनवरचा फोटो डोक्यातून जात नाही. आई म्हणते कशाला नाही ते उद्योग. कुणी केलेत का, किती टिकतात, नंतर नको वाटले तर काढता येतात का, आणि एकाच दाताचं काही होऊ शकतं का?

टेकडीवाला

करून टाक. लग्न एकदाच होतं, फोटो जन्मभर राहतात. लोक डेकोरेशनला दोन-दोन लाख घालवतात संध्याकाळपुरते, हे निदान तोंडात तरी राहील. माझ्या मामेबहिणीने केलेत, भारी दिसतात.

पर्वतीचा_काका

टेकडीवाले, मामेबहिणीला करून किती वर्षं झाली तेही लिहा की. गेल्या वर्षी केले असतील तर भारीच दिसणार, त्यात काय.

पोरी, मी डॉक्टर नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे, पण मला एवढं कळतं की ओल आलेल्या भिंतीला रंग लावायच्या आधी पाणी कुठनं मुरतंय ते बघतात. मार लागून काळा पडलेला दात, आणि एक्स-रे न काढता थेट कोटेशन? आणि हे "आजच भरा" प्रकरण तर फ्लॅटच्या बुकिंगला शोभतं. दात काय उद्या महाग होणारेत का. दुसऱ्या कुणाला तरी दाखव, आणि जाताना त्या स्क्रीनवरच्या फोटोचा विषयच काढू नकोस, नुसतं म्हण हा दात काळा आहे, काय करता येईल. मग बघ काय फरक पडतो ते.

बत्तीशी

मी प्रॉस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कृत्रिम दात, कॅप, व्हेनिअर्स करणारा डेंटिस्ट, प्रॅक्टिस सिंहगड रोडला. तोंड न बघता निदान करणार नाही आणि कृपा करून मला मेसेजमध्ये दातांचे फोटो पाठवू नका, मागच्या धाग्यानंतर चाळीसेक आले होते. पण पुढच्या डॉक्टरला काय विचारायचं ते सांगतो.

मार लागल्यावर दाताचा रंग बदलतो त्याची मुख्य कारणं दोन. एक म्हणजे आतली नस मेलेली असते, रक्तातलं रंगद्रव्य डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या थरात, मुरतं आणि दात करडा, काळपट होतो. दुसरं म्हणजे नस जिवंत असते पण मार लागल्याच्या धक्क्याने तिने आतली पोकळी भरत आणलेली असते, असा दात काळा नाही तर पिवळट दिसतो, आणि त्याला बरेचदा काही करावं लागत नाही. यातलं तुमचं कुठलं ते बघायला फक्त एक छोटा एक्स-रे लागतो (आयओपीए म्हणा नाहीतर आरव्हीजी म्हणा) आणि गार टेस्ट, म्हणजे कापसाच्या बोळ्यावर थंड स्प्रे मारून दाताला लावतात, शेजारच्या दाताला झिणझिणतं आणि ह्याला काहीच कळत नाही, तर उत्तर मिळालं. दुखत नाही याचा अर्थ सगळं ठीक असा नसतो. मेलेली नस वर्षानुवर्षं गुपचूप राहून मुळाच्या टोकाशी इन्फेक्शन करून बसते. तशा दातावर १४ हजारांचं सिरॅमिक चिकटवलं आणि दोन वर्षांनी सूज आली तर मग त्याच दाताला मागून भोक पाडून रूट कॅनल करत बसायचं.

नस मेलेली निघाली तर क्रम असा: आधी रूट कॅनल, मग आतून ब्लीच. रूट कॅनलचं भरलेलं मटेरियल वरून थोडं काढून, त्यावर सिमेंटचा एक अडसर करून, दाताच्या आतल्या पोकळीत सोडियम परबोरेटची पेस्ट ठेवून तोंड बंद करतात. साधारण आठवड्याने उघडून रंग बघायचा, कमी पडला तर पुन्हा भरायची. बाहेरून दात अजिबात तासावा लागत नाही. बऱ्याच केसेसमध्ये रंग शेजारच्या दाताच्या जवळ येतो. तोटे पण सांगतो, काही वर्षांनी रंग थोडा परत उतरू शकतो आणि क्वचित मुळाला बाहेरून झीज लागते, म्हणून तो अडसर नीट करणारा डॉक्टर हवा आणि नंतर अधूनमधून एक्स-रे बघायला हवा.

आता "काढता येतात का" याबद्दल. व्हेनिअर काढता येतं, पण खाली तुमचा जुना दात नसतो, तासलेला दात असतो. पुढच्या बाजूने साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर जातं. ऐकायला काहीच नाही वाटत, पण पटाशीच्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, हिरडीजवळ मुळातच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही, शरीर ते पुन्हा तयारच करत नाही. आणि व्हेनिअर घट्ट बसतं ते इनॅमलवर. तासताना डेंटिन उघडं पडलं तर पकड कमी आणि गार-गरम लागायला सुरुवात. चांगलं केलेलं सिरॅमिक १०-१५ वर्षं जातं, त्याहून जास्तही गेलेलं मी पाहिलंय. पण तुमचं वय २८ आहे. म्हणजे साठीपर्यंत ते सगळं दोनदा तरी बदलावं लागणार, आणि दर वेळी खालचा दात थोडा अजून जाणार. एका दातासाठी सात चांगले दात या चक्रात घालायचे का, हे ठरवा.

मी व्हेनिअर्सच्या विरोधात नाही, आठवड्याला करतो. योग्य केस असेल तर त्यासारखं समाधान नाही.

लिंबूटिंबू

डॉक, "नंतर शेवटी तुम्ही ठरवा" हे सगळेच डॉक्टर म्हणतात आणि मग आम्ही इथे येऊन विचारतो :)

वणीची_वऱ्हाडीण

मी केलेत. वरचे सहा, सिरॅमिक. आणि मला एका दिवसाचाही पस्तावा नाही, म्हणून दुसरी बाजू लिहिते नाहीतर हा धागा वाचून लोक घाबरतील.

माझं बालपण यवतमाळ जिल्ह्यातलं, गावात बोअरचं पाणी. पाण्यात फ्लोराइड जास्त, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की सरकारी हिशोबानेच ते पाणी पिण्यालायक नाही, पण आमच्या लहानपणी कोण मोजत होतं. दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच ते मुरतं, म्हणजे सात-आठ वर्षांपर्यंतच काय व्हायचं ते होऊन जातं आणि मग कितीही घासा. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचे दात असेच, खडूसारखे पांढरे पट्टे आणि त्यावर तपकिरी डाग, त्यामुळे तिथे काही वाटायचं नाही. पुण्यात हॉस्टेलला आले आणि पहिल्याच आठवड्यात एका पोरीने विचारलं, तू तंबाखू खातेस का गं? तेव्हापासून जी तोंडावर हात ठेवून बोलायची सवय लागली ती लागलीच.

मी पण थेट व्हेनिअर्सवर उडी नाही मारली बरं का. आधी मायक्रोअब्रेजन केलं, ॲसिड आणि बारीक पावडरची पेस्ट लावून वरचा अगदी पातळ थर घासतात, त्याने पांढरे पट्टे आणि हलके डाग पुष्कळ कमी झाले. पण मधल्या दातांवरचे तपकिरी खोल होते, इनॅमलला खड्डेच होते, ते गेले नाहीत. मग व्हेनिअर्स. माझं इनॅमल आधीच खराब होतं, वाचवण्यासारखं फार नव्हतं, हा तुझ्या-माझ्यातला मोठा फरक. तुझे सात दात चांगले आहेत म्हणतेस तर मी असते तर नसते तासले.

व्यवहारातलं सांगते. तासल्यावर कायमचे येईपर्यंत जे तात्पुरते बसवतात तेव्हा गार पाण्याने जीव जातो, कोमट पाणी पीत राहा. नंतर पहिल्या महिन्यात स-श-ष म्हणताना जीभ अडखळायची, मग सवय झाली. पेरू मी आता फोडी करून खाते, मक्याचं कणीस सुरीने दाणे काढून, आणि भुईमुगाच्या शेंगा दाताने फोडायच्या नाहीत हे मला एक व्हेनिअर शेंगेसकट हातात आलं तेव्हा कळलं. तुटलं नव्हतं, नुसतं निघालं होतं. कानातल्याच्या डबीत कापसावर ठेवून डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी साफ करून तेच परत चिकटवलं. त्यामुळे निघालं तर फेकू नका आणि घरी फेविक्विक तर बिलकुल लावू नका (आमच्या ह्यांनी बाटली हातात घेतली होती).

पर्वतीचा_काका

वऱ्हाडीण ताई, फेविक्विक वाचून चहा नाकात गेला.

भट्टीवाला

मी डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करतो, कसब्यात वाढलो, आता लॅब शहराबाहेर. तुम्ही डॉक्टरला बघता, दात आम्ही करतो, तर दोन गोष्टी आमच्या टेबलावरून.

पहिली, त्या डॉक्टरने सांगितलं की एकच केला तर मॅच होणार नाही, ते अगदीच खोटं नाही. पटाशीच्या दोनपैकी एकाच दाताचं मॅचिंग ही आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड केस आहे. आठ केले की आठही माझ्याच हातचे, एकमेकांशी जुळणारच, मला काही डोकं लावावं लागत नाही. एकच आला की शेजारच्या खऱ्या दाताची नक्कल करायची असते, आणि खरा दात एका रंगाचा नसतोच. कडेला निळसर पारदर्शक, मधे उबदार, हिरडीजवळ गडद, कुठेतरी बारीक पांढरी रेघ. ते सगळं पावडर पाण्यात कालवून ब्रशने थर देत देत आणायचं, भट्टीतून काढलं की आकसतं म्हणून आधी मोठं करायचं, आणि तरी पहिल्याच फटक्यात बसेल असं नाही, परत पाठवतात, परत करतो. अवघड आहे, अशक्य नाही. जास्त वेळ लागतो, आणि वेळ कुणाला द्यायचाय.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. व्हेनिअर पातळ असतं आणि त्यातून खालचा रंग दिसतो. खालचा दात काळा असेल तर मला वरून अपारदर्शक थर द्यावा लागतो, त्याला जाडी लागते, जाडीसाठी डॉक्टरला दात जास्त तासावा लागतो. आणि एवढं करून तो दात मेलेलाच दिसतो, कारण त्यातून उजेड जात नाही. म्हणजे तुमच्या आठातला तो एक, ज्याच्यासाठी सगळं चाललंय, तोच सगळ्यात बेकार दिसण्याची शक्यता. बत्तीशी डॉक्टर म्हणतायत तसं आधी आतून ब्लीच करून रंग वर आणला तर नंतर व्हेनिअर करायची वेळ आलीच तरी माझं काम निम्मं सोपं आणि तुमचा दात कमी तासायचा.

शेड घ्यायला, म्हणजे दाताचा रंग जुळवायला, जाल तेव्हा लिपस्टिक नको, भडक रंगाचा टॉप नको, आणि शेड अगदी सुरुवातीला घ्यायला लावा. तोंड उघडं ठेवून दात वाळले की आपोआप पांढरे दिसतात, मग त्या शेडचा दात तयार होतो आणि घरी गेल्यावर तो वेगळा पडतो, शिव्या लॅबला. डॉक्टरांना विनंती करून एकदा लॅबवाल्याला दाखवता आलं तर सोन्याहून पिवळं.

लग्नाच्या सीझनला येणाऱ्या केसेसमध्ये फॉर्मवर एकच लिहिलेलं असतं, सगळ्यात पांढरी शेड. अहो आपल्याकडे बहुतेकांचे दात ए-टू, ए-थ्री शेडच्या आसपास, म्हणजे जरा पिवळसर असतात, गव्हाळ रंगावर तेच शोभतात. वरचे आठ ब्लीच शेडचे आणि खालचे सगळे चहावाले, हसलं की दोन माणसांचे दात एका तोंडात.

अवांतर: व्हेनिअर्स मुळात सिनेमावाल्यांसाठी निघाले. १९३० च्या आसपास हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचा डेंटिस्ट नटांच्या दातांवर शूटिंगपुरते पातळ कवच लावून द्यायचा, शूटिंग संपलं की काढून ठेवायचे, कारण तेव्हा पक्कं चिकटवायला काही नव्हतंच. १९५५ मध्ये इनॅमलवर ॲसिड लावून पकड मिळवायची युक्ती निघाली आणि सिरॅमिकला आतून ॲसिडने खरखरीत करून घट्ट चिकटवणं तर १९८० नंतरचं. तर लग्नाच्या फोटोंपुरतं हवं असेल तर तुमचा जन्म थोडा उशिरा झाला.

लिंबूटिंबू

भट्टीवाले, तुमची अवांतरं वेगळ्या धाग्यात टाका, वाचायला आवडतील.

कर्वेनगर_ते_खराडी

कंपोझिटबद्दल (दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल) कुणीच बोललं नाही म्हणून. मला अशीच फट होती, तुझ्यापेक्षा मोठी असावी, शाळेत मला दरवाजा म्हणायचे. दात न तासता दोन्ही दातांच्या आतल्या कडेला कंपोझिट चढवून फट बुजवली, एका बैठकीत झालं, इंजेक्शनसुद्धा नाही. मला दोन दातांचे मिळून दहा हजार घेतले. सिरॅमिकएवढी चमक नाही, आणि हळद-चहा-कॉफी सगळं पितं, वर्षाकाठी पॉलिश करून घ्यावं लागतं. पाचेक वर्षांत दुरुस्तीला येतं असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, माझा एक कोपरा पेन चावायच्या सवयीपायी त्याआधीच उडाला, पण तेवढाच कोपरा परत लावला, सगळं काढावं लागलं नाही. आणि कंटाळा आला तर काढून फट परत मिळते, नशीब शाबूत.

ज्यांना झोपेत दात खायची सवय आहे त्यांनी मात्र आधी ते सांगा डॉक्टरांना. माझा रूममेट रात्री असा करकरतो की मी इअरप्लग घालून झोपतो, त्याने काहीही लावलं तरी टिकणार नाही.

बत्तीशी

+१. दात खाणाऱ्यांना व्हेनिअर केलं तर रात्री नाइट गार्ड घालावाच लागतो, आणि तो लोक चार दिवस घालून ड्रॉवरमध्ये टाकतात.

फटीबद्दल एक राहिलं. फट लहानपणापासून आहे, घरात इतरांनाही आहे, तर चिंता नाही. पण कुणाची फट मोठेपणी नव्याने पडली असेल किंवा वाढत चालली असेल तर आधी हिरड्या तपासा, हाड झिजलं की दात सरकतात. जुने फोटो काढून बघा, लगेच कळतं. आणि भट्टीवाल्यांनी पारदर्शकतेचं लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे, आम्हा डॉक्टरांपैकी कितीतरी जण ते लॅबवरच ढकलतात.

खर्चाची अडचण असलेल्यांसाठी: पुण्यात डेंटल कॉलेजेस आहेत, वडगावचं सिंहगड, धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला, पिंपरीचं डी. वाय. पाटील. तिथे एमडीएस (डेंटिस्ट्रीतलं पुढचं शिक्षण) करणारे विद्यार्थी स्टाफच्या देखरेखीखाली हीच कामं बाहेरपेक्षा पुष्कळ कमी पैशात करतात. खेपा जास्त होतात, सुट्टी काढायची तयारी ठेवा.

बावधनकर_पोरगी

बापरे, एवढं सगळं. सगळ्यांना धन्यवाद, काकांना स्पेशल.

बत्तीशी डॉक्टर, दोन प्रश्न. माझ्या दाताची नस जिवंत निघाली तर मग काय? आणि ते स्क्रीनवरचं जे दाखवलं ते प्रत्यक्षात तसंच येतं का?

बत्तीशी

जिवंत निघाली आणि रंग पिवळट असेल तर त्या एकाच दाताला बाहेरून ब्लीच करता येतं, दातांवर बसणाऱ्या ट्रेमध्ये फक्त त्या दाताच्या जागी ब्लीचचं जेल भरायचं. हळू काम आहे, महिना-दीड महिना धरा. ब्लीचचं एक लक्षात ठेवा, ते फक्त खऱ्या दातावर चालतं, सिरॅमिक आणि कंपोझिटचा रंग बदलत नाही. म्हणून ब्लीच नेहमी आधी, बाकी सगळं नंतर.

स्क्रीनवरचं चित्र कॉम्प्युटरला हवं तसं येतं. त्याला तुमचा चावा माहीत नाही, ओठ बोलताना कसा हलतो ते माहीत नाही. त्याऐवजी मॉकअप मागा. तुमच्या दाताच्या साच्यावर मेणाने आकार घडवून, त्याचा सिलिकॉनचा ठसा घेऊन, त्यातून तात्पुरतं मटेरियल थेट तुमच्या दातांवर बसवतात, न तासता. ते घालून आरशात बघा, फोनवर बोला, वडापाव खाऊ नका पण चहा प्या, घरी दाखवा. नाही आवडलं तर उचकटून टाकलं की तुम्ही होता तशा. जो डॉक्टर मॉकअपशिवाय आठ दातांना हात लावतो त्याच्याकडे मी तरी माझ्या बहिणीला पाठवणार नाही.

टेकडीवाला

मामेबहिणीला विचारलं. दीड वर्ष झालंय. एका दाताला गार लागतं म्हणे, डॉक्टर म्हणतात रूट कॅनल करावं लागेल बहुतेक. दिसायला अजून भारी आहेत हां.

पर्वतीचा_काका

...

बावधनकर_पोरगी

अपडेट द्यायला आले. कोथरूडमध्ये दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, काकांनी सांगितलं तसं फोटोचा विषय काढला नाही. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या आरव्हीजी काढला. मुळाच्या टोकाशी गोल काळी सावली, मलासुद्धा दिसली. गार टेस्टला शेजारचा दात टाणकन उडाला आणि ह्याला काही म्हणजे काही कळलं नाही, तीनदा लावून बघितलं. नस कधीचीच मेलेली आहे, आत इन्फेक्शन आहे. त्या आधीच्या ठिकाणी यावर व्हेनिअर बसणार होतं.

तर आता रूट कॅनल चालू झालंय, आत औषध ठेवलंय, सावली कमी व्हायला वेळ लागेल म्हणाले पण ब्लीचला त्यासाठी थांबायची गरज नाही. रूट कॅनल पूर्ण झालं की आतून ब्लीच. रंग कितपत येतो ते बघून पुढचं, फारच मागे राहिला तर त्या एकाच दाताला व्हेनिअर, आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं की तशी वेळ आली तर लॅबवाल्याला बोलावून घेऊ. फटीचं विचारलं त्यांनी, मी म्हटलं राहू दे. आईचं म्हणणं आता बुजवूनच टाक एवढं करतेयस तर, म्हणजे आधी नको म्हणणारी पण तीच.

तो पहिल्या क्लिनिकमधला फोटो मी मागून घेतला होता व्हॉट्सॲपवर. आता नीट झूम करून बघितला तर त्यात माझी फटच गायब केलीय त्यांनी, मला न विचारता, आणि नाकपण जरा बारीक केलंय असा मला संशय आहे.

डॉक्टर, ब्लीच झाल्यावर मागून ते भोक बुजवायला लगेच चालतं का? लग्नाच्या आदल्या आठवड्यात आलं तर पंचाईत.

बत्तीशी

एक्स-रे निघाला हे उत्तम. ब्लीच संपल्यावर पक्कं कंपोझिट लावायच्या आधी दोनेक आठवडे जाऊ द्यावे लागतात, दातात राहिलेल्या ऑक्सिजनमुळे बाँडिंग नीट होत नाही. मधे तात्पुरतं सिमेंट असतं, त्याची काळजी नको. आणि ब्लीच थोडं जास्त पांढरं होईपर्यंत नेतात, नंतर ते जरा खाली बसतं, तेव्हा मधेच दात शेजाऱ्यापेक्षा पांढरा दिसला तर घाबरू नका. सगळं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत संपवा असं डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा, दिवाळीत लॅब आणि क्लिनिक दोन्ही बंद असतात.

भट्टीवाला

आम्ही भाऊबीजेपर्यंत बंद. आणि एकच दात आला तर मला आनंदच होईल, आठवर बरे पैसे मिळतात पण मजा एकात आहे.

सासवडकर_सून

धाग्यात घुसतेय, माफ करा. माझ्या सासूबाईंना मिश्रीची जुनी सवय, दात सगळे काळे आणि हिरडीजवळ खाचा पडल्यात. नातवाच्या मुंजीत फोटो येणार म्हणून त्या म्हणतायत मलापण ते कवच बसवून द्या. वय ६४. होईल का?

बत्तीशी

आधी स्केलिंग आणि पॉलिशिंग करून घ्या, मिश्रीचा काळा थर बराचसा त्यातच निघतो आणि निम्म्या लोकांना तेवढंच पुरतं. खाचा सिमेंटने किंवा कंपोझिटने भरता येतात. व्हेनिअर त्यांना मी सांगणार नाही, हिरड्या खाली सरकलेल्या असणार आणि मिश्री चालू राहिली तर कडांना पुन्हा काळं होणार. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, ती बंद करायचं बघा, निदान बोटाने हिरडीवर चोळणं तरी थांबवा. आणि एक काम आजच करा. त्यांना आ करायला लावून गालाच्या आतून, ओठाच्या आत, हिरडीवर टॉर्च मारून बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर मुंजीचे फोटो राहू देत, याच आठवड्यात डेंटिस्टला दाखवा.